पळणाऱ्याची वर्गणी

मॅरेथॉनचा सराव करता करता एखाद्या संस्थेसाठी देणग्या गोळा करणाऱ्यांची संख्या आपल्याकडे गेल्या वीस वर्षांत बरीच वाढली आहे. मीही त्यांतलाच एक. पावसाळा सरला की रविवारच्या लांब पल्ल्याच्या धावा सुरू होतात आणि त्याच सुमारास नातेवाईक, जुने वर्गमित्र, कचेरीतले सहकारी यांच्याकडे मागणेही सुरू होते. बहुतेक जण फारसे न विचारता पैसे देतात. माझ्या मावशीने मात्र चेक लिहिता लिहिता विचारले होते, “धावणार तू, तब्येत सुधारणार तुझी. मग पैसे मी कशाबद्दल द्यायचे?”

प्रश्न थट्टेतला होता, पण इतिहासाच्या दृष्टीने तो अगदी नेमका आहे. आपल्याकडे वर्गणीची परंपरा जुनी आणि भक्कम. गणेशोत्सव, वाचनालये, राष्ट्रीय शाळा, व्यायामशाळा, दुष्काळ आणि पूर यांसाठी पावती पुस्तके छापली गेली आणि दारोदार फिरली. मागणाऱ्याने आधी बेचाळीस किलोमीटर पळून दाखवावे, अशी अट कुणी घातल्याचे ऐकिवात नाही. दुसरीकडे पायी चालण्याची परंपराही आपल्याकडे तितकीच जुनी. पण पंढरीच्या वाटेवरचा वारकरी ‘मी इतके मैल चाललो, तेव्हा मैलामागे इतके आणे अमक्या अनाथाश्रमाला द्या’ असे म्हणत नाही. विनोबा १९५१ च्या एप्रिलपासून पुढे वर्षानुवर्षे चालले आणि त्यांनी जमीन मागितली. तिथेही चालणे हे लोकांपर्यंत पोचण्याचे साधन होते, जमिनीची किंमत मैलांत लावलेली नव्हती. शरीराचे कष्ट आणि दुसऱ्याच्या खिशातला पैसा यांची अशी थेट सांगड कधी आणि कशी पडली, याचा मी गेली काही वर्षे सवडीने शोध घेतो आहे. हा लेख त्या शोधाचे फलित आहे.

प्रारंभीच एक गोष्ट ध्यानात येते. पूर्वी व्यवहार उलट्या दिशेने होत असे. धावणारा वर्गणी गोळा करत नसे, तर धावणाऱ्यासाठी वर्गणी गोळा होत असे. याचे उत्तम उदाहरण पुण्यातलेच आहे.

डेक्कन जिमखाना १९०६ साली स्थापन झाला. सर दोराबजी टाटा त्याचे अध्यक्ष असताना तिथल्या क्रीडास्पर्धा पाहायला आले. त्यांचे तरुणपण इंग्लंडात शिकण्यात आणि तिथले खेळ खेळण्यात गेले होते. पुढे १९२९ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात त्यांनी त्या दिवसांचे वर्णन केले आहे. लांब पल्ल्याच्या शर्यतीत उतरलेले बरेचसे गडी शेतकरी वर्गातले होते, अनवाणी धावत होते. ना शिक्षण घेतलेले, ना कुणी मार्गदर्शक. तरीही त्यांची वेळ युरोपातल्या धावपटूंच्या जवळ जाणारी होती. त्याच पत्रातला आणखी एक प्रसंग मला फार आवडतो. ऑलिम्पिकच्या शंभर मीटरसाठी किती वेळ लागलेला चालेल, असे दोराबजींनी जिमखान्याच्या एका प्रमुख सभासदाला विचारले. अर्धा मिनिट ते एक मिनिट, असे उत्तर आले. तिथे मिनिटांचा नव्हे, सेकंदाच्या अंशांचा हिशेब असतो हे कळल्यावर ते गृहस्थ थक्क झाले.

अशा तयारीवर १९२० साली अँटवर्पला हिंदुस्थानचा सहा जणांचा संघ गेला. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज लॉइड यांच्या मदतीने परवानगी मिळाली आणि खर्चाचा मोठा भार दोराबजींनी उचलला. संघात मॅरेथॉनसाठी दोन नावे होती, बेळगावचे फडेप्पा दरेप्पा चौगुले आणि सदाशिव दातार. २२ ऑगस्ट १९२० रोजी झालेली ती मॅरेथॉन ४२.७५ किलोमीटरची होती, म्हणजे आजच्या ठरलेल्या अंतरापेक्षा अर्ध्या किलोमीटरहून अधिक लांब. फिनलंडच्या हानेस कोलेमाइनेनने ती २ तास ३२ मिनिटांत जिंकली. चौगुले २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत एकोणिसावे आले. दातारांना शर्यत पुरी करता आली नाही. आज पुण्या-मुंबईच्या धावपटूंच्या गटात तीन तासांच्या आत मॅरेथॉन संपवणाऱ्याकडे आम्ही आदराने पाहतो. शंभर वर्षांपूर्वी बेळगावच्या माणसाने याहून लांबची शर्यत तीन तासांच्या आत पुरी केली होती, हे त्या गटांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते.

दात्याला काय मिळाले, हा प्रश्न या व्यवहारात सोपा होता. दाता प्रवासखर्च देई, खेळाडू देशाचे नाव घेऊन जाई. बत्तीस वर्षांनंतरही चित्र बदललेले नव्हते. खाशाबा जाधवांना १९५२ च्या हेलसिंकी ऑलिम्पिकला पाठवण्यासाठी राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले आणि गोळेश्वरच्या गावकऱ्यांनी वर्गणी काढली, ही हकिकत महाराष्ट्रात सर्वांना माहीत आहे. खाशाबा पैलवान, धावपटू नव्हेत. पण लोकांच्या पैशावर खेळणाऱ्याच्या अंगावर जे ओझे येते, त्याचे याहून स्वच्छ उदाहरण मला दुसरे सापडत नाही.

व्यवहाराची दिशा उलटी फिरल्याचे पहिले ठळक उदाहरण १९४६ सालचे. स्टिलियानोस किरियाकिडिस हा सायप्रसमध्ये जन्मलेला ग्रीक धावपटू. १९३६ च्या बर्लिन ऑलिम्पिकमध्ये तो मॅरेथॉनमध्ये अकरावा आला होता. १९३८ मध्ये बोस्टनला गेला, पण नव्या बुटांनी पायांना फोड आले आणि शर्यत अर्धवट सोडावी लागली. मग महायुद्ध आले. १९४१-४२ च्या हिवाळ्यात जर्मनांच्या ताब्यातल्या अथेन्समध्ये माणसे रस्त्यावर भुकेने मरत होती. वीज कंपनीत नोकरी करणारा किरियाकिडिस त्यातून जगला, पण युद्ध संपले तेव्हा त्याचे अंग पार वाळले होते आणि कित्येक वर्षांत त्याचा धड सराव झालेला नव्हता.

अशा अवस्थेत त्याने पुन्हा पळायला सुरुवात केली आणि बोस्टन गाठले. तिथल्या जॉर्ज डीमीटर या ग्रीक वंशाच्या हॉटेलमालकाने त्याची व्यवस्था पाहिली. या हडकुळ्या माणसाला पळवले तर तो रस्त्यातच प्राण सोडेल, अशी तिथल्या डॉक्टरांना भीती होती. जोखीम आपली, असे लिहून देऊन तो उभा राहिला. आदल्या वर्षीचा विजेता जॉनी केली शेवटच्या टप्प्यापर्यंत त्याच्या बरोबरीने होता. किरियाकिडिसने २ तास २९ मिनिटे २७ सेकंदांत शर्यत जिंकली, केली त्याच्यामागून दोन मिनिटांनी आला.

या कथेतला माझ्या दृष्टीने महत्त्वाचा भाग शर्यतीनंतरचा आहे. पदक गळ्यात घालून तो घरी परतला नाही. महिनाभर अमेरिकेत थांबून त्याने ग्रीसच्या भुकेलेल्या लोकांसाठी मदत मागितली. जहाजभर धान्य, औषधे, कपडे आणि रोख रक्कम जमली. त्याचे आकडे निरनिराळ्या ठिकाणी मोठमोठे दिलेले आढळतात, ते इथे उतरवून घेण्याचा मोह मी टाळतो. अथेन्समध्ये त्याच्या स्वागताला लोकांचा महापूर लोटला होता, एवढे निश्चित. मात्र इथेही दाते धावेबद्दल पैसे देत नव्हते. जिंकल्यामुळे त्याचे म्हणणे ऐकले गेले आणि त्याच्या वाळलेल्या देहाकडे पाहून त्याच्या देशाचे हाल लोकांना उमगले. हरला असता तर कुणी विचारले नसते.

हरणाऱ्यालाही पैसे मिळू लागले ते पुढच्या दोन दशकांत, आणि त्याचे श्रेय एका साध्या कागदाला द्यावे लागेल. ब्रिटनमध्ये १९६० च्या दशकात दुष्काळनिवारणासाठी ‘प्रायोजित पदयात्रा’ निघू लागल्या. कॅनडात १९६७ पासून ‘माइल्स फॉर मिलियन्स’ नावाने त्या शाळाशाळांत पोचल्या. अमेरिकेत ‘मार्च ऑफ डाइम्स’ या संस्थेने १९७० मध्ये अशा पदयात्रा सुरू केल्या. प्रत्येक मुलाच्या हातात एक तक्ता असे. शेजारी, काका, वाणी त्यावर नाव लिहीत आणि मैलामागे किती सेंट देणार ते मांडत. मुलगा जितके चालेल तितके पैसे. या तक्त्याने दोन गोष्टी केल्या. कष्टाला एकक मिळाले, आणि त्या कष्टाचे जिंकण्याशी असलेले नाते तुटले. शेवटच्या मुलाच्या मैलाची किंमत पहिल्याच्या मैलाइतकीच. मावशीच्या प्रश्नातला व्यवहार या तक्त्यापासून सुरू होतो, असे माझे मत आहे.

टेरी फॉक्स अशा पदयात्रांच्या काळातल्या कॅनडात वाढला. त्याची गोष्ट अनेकांना ठाऊक असते, पण बहुधा शेवटाकडून. मी त्याच्या सरावाकडे वळतो, कारण खरा पेच तिथे आहे.

हाडाच्या कर्करोगामुळे १९७७ मध्ये, अठराव्या वर्षी, त्याचा उजवा पाय गुडघ्याच्या वरून कापावा लागला. शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्री त्याच्या बास्केटबॉल प्रशिक्षकाने त्याला एक मासिक आणून दिले. न्यूयॉर्क मॅरेथॉन पुरी करणाऱ्या डिक ट्राउम या एका पायाच्या धावपटूवरचा लेख त्यात होता. उपचारांच्या काळात भोवतालची मुले मरताना टेरीने पाहिली आणि कर्करोगाच्या संशोधनासाठी पैसे उभे करायचे ठरवले. १९७९ च्या फेब्रुवारीत तो पळायला लागला तेव्हा अर्धा मैलही जड जात होता. कुणाच्या नजरेस पडू नये म्हणून सुरुवातीला अंधारात धावे. त्या काळातला कृत्रिम पाय चालण्यासाठी केलेला होता, पळण्यासाठी नव्हे. तो पाय पुढे यायला वेळ लागे, म्हणून चांगल्या पायावर दोनदा उडी घ्यावी लागे. त्याची ती ठेचकाळत जाणारी चाल चित्रफितींत आजही दिसते. खुंटाला जखमा होत, रक्त येई. घरी त्याने सांगितले होते की व्हँकुव्हरच्या मॅरेथॉनची तयारी चालू आहे. त्या वर्षी प्रिन्स जॉर्ज या गावी तो सतरा मैलांच्या शर्यतीत उतरला आणि सर्वांत शेवटी, दहा मिनिटे मागे राहून आला. त्यानंतर त्याने घरी खरा बेत सांगितला: अटलांटिकपासून पॅसिफिकपर्यंत अख्खा देश पळून जायचे, रोज एक मॅरेथॉन.

सराव एकूण चौदा-पंधरा महिने चालला. अंतर भरले पाच हजार किलोमीटरच्या वर. सलग एकशे एक दिवस खंड न पाडता तो पळाला. नाताळला एक दिवस थांबला तोही आईने गळ घातली म्हणून. पण सराव करणे एवढेच काम नव्हते. पैसे गोळा करण्याआधी स्वतःवर विश्वास गोळा करावा लागतो. कॅनडाच्या कर्करोग संस्थेला त्याने ऑक्टोबर १९७९ मध्ये पत्र लिहिले. तिथल्या मंडळींना शंका होती, आणि ती अवाजवी होती असे मला वाटत नाही. एक पाय असलेला एकवीस वर्षांचा मुलगा देश पार करीन म्हणतो, वाटेत काही झाले तर? आधी खर्चाचे प्रायोजक मिळव आणि हृदयतज्ज्ञाचा दाखला आण, असे त्याला सांगण्यात आले. त्याने वाहन, इंधन, बूट देणाऱ्या कंपन्यांना पत्रे लिहून ती सोय केली. मात्र आपल्या नावावर कुणी माल विकायचा नाही आणि आपल्याला यातून काही मिळता कामा नये, यावर तो ठाम होता.

१२ एप्रिल १९८० रोजी न्यूफाउंडलंडच्या सेंट जॉन्स बंदरात कृत्रिम पाय समुद्रात बुडवून त्याने धाव सुरू केली. पहिले कित्येक दिवस वारा, बर्फ आणि रिकामे रस्ते. मग पोर्ट-ओ-बास्क या गावात जेमतेम दहा हजारांच्या वस्तीने त्याच्या हातात दहा हजार डॉलर ठेवले, म्हणजे माणशी एक डॉलर. पुढे त्याने देशापुढे मागणे ठेवले तेही याच मापाचे: प्रत्येक कॅनडावासीयाने एक डॉलर द्यावा.

हे वाचताना मला अंताजी दामोदर काळ्यांची आठवण झाल्यावाचून राहिली नाही. प्रत्येकाने एकच पैसा द्यावा आणि त्यातून देशी उद्योग उभा राहावा, या कल्पनेवर त्यांनी पैसा फंड उभारला. टिळकांचा त्याला पाठिंबा होता आणि त्यातून १९०८ साली तळेगावचा काच कारखाना निघाला. पैसा फंडात रक्कम मुद्दाम इतकी लहान ठेवली होती की नाही म्हणायला कुणाला जागा उरू नये, आणि देणाऱ्याला आपण मोठ्या कामाचे भागीदार आहोत असे वाटावे. टेरीच्या डॉलरचे गणित हेच. फरक इतकाच की काळे हातात डबा घेऊन फिरले, आणि टेरी रोज बेचाळीस किलोमीटर पळाला.

१४३ दिवसांत तो ५,३७३ किलोमीटर धावला. १ सप्टेंबरला थंडर बे गावाबाहेर खोकला आणि छातीतल्या कळा असह्य झाल्या. कर्करोग फुप्फुसांत पोचला होता. धाव तिथे थांबली. आणि पैशाचा खरा पूर आला तो त्यानंतर. फेब्रुवारी १९८१ पर्यंत जमलेली रक्कम २ कोटी ४१ लाख डॉलरवर गेली, म्हणजे देशाच्या लोकसंख्येइतकी. २८ जून १९८१ रोजी टेरी गेला. आयसॅडोर शार्प या हॉटेल व्यावसायिकाचा मुलगा कर्करोगाने दगावला होता. टेरी इस्पितळात असताना त्याने शब्द दिला होता की तुझ्या नावाने दरवर्षी धाव होईल. त्या धावेत पहिला-दुसरा नसतो, वेळ मोजली जात नाही. चालले तरी चालते.

त्याच वर्षी, २९ मार्च १९८१ रोजी, पहिली लंडन मॅरेथॉन झाली. ख्रिस ब्रॅशर आणि जॉन डिस्ली हे तिचे जनक. सहा हजारांवर सामान्य माणसे ती पुरी करून आली, आणि शेजाऱ्याच्या हातातला तो प्रायोजित तक्ता आता मॅरेथॉनला चिकटला. पुढची पायरी अमेरिकेत पडली. ब्रूस क्लीलंड यांच्या लहान मुलीला रक्ताचा कर्करोग झाला होता. १९८८ मध्ये त्यांनी अडतीस जणांना जमवून न्यूयॉर्क मॅरेथॉनसाठी तयार केले आणि ३,२२,००० डॉलर उभे केले. यातून ‘टीम इन ट्रेनिंग’ निघाली. नावातच सगळे आले आहे. तुम्ही पैसे गोळा करा, आम्ही तुमच्याकडून सराव करून घेतो. ज्याने आयुष्यात दोन किलोमीटर पळून पाहिलेले नाही त्यालाही आराखडा, प्रशिक्षक, सोबती, सारे मिळते. सराव आता पैशाकडे जाणारी वाटही झाला आणि पैसे गोळा करणाऱ्याला दिलेले बक्षीसही.

मावशीच्या प्रश्नाचे उत्तरही मला या सरावातच दिसते. शर्यतीचा दिवस कुणीही सहन करील. दाता ज्याच्यावर विसंबतो ते त्याआधीचे चार-पाच महिने असतात. पहाटे साडेचारचा गजर, लग्नाच्या पंगतीतून लवकर उठणे, गुडघ्याला बांधलेला पट्टा. मागणारा माणूस या कामासाठी स्वतःचे काहीतरी गहाण ठेवतो आहे, असे दात्याला त्यातून दिसते. सावकार तारण पाहून पैसे देतो, तसेच काहीसे.

पण तारणाचा बाजार झाला की त्याचे नियमही येतात. लंडनने १९९३ पासून संस्थांना मॅरेथॉनमधल्या हमखास जागा विकत देण्याची योजना सुरू केली. संस्था ती जागा त्याहून कितीतरी अधिक रक्कम गोळा करून देण्याचे कबूल करणाऱ्या धावपटूला देते. यातून प्रचंड पैसा चांगल्या कामांना मिळाला, हे नाकारण्यात अर्थ नाही. लंडनमध्येच २००० साली एकोणनव्वद वर्षांचे फौजा सिंग अपुऱ्या दिवसांच्या बाळांसाठी काम करणाऱ्या संस्थेसाठी धावले. सर्वांत म्हाताऱ्याने सर्वांत लहानांसाठी धावावे, ही जुळणी अशा योजनेतच शक्य होती. तरी जागेची किंमत ठरली की ती कुणाला परवडते, हा प्रश्न पाठोपाठ येतो.

मुंबईत २००४ च्या फेब्रुवारीत पहिली मॅरेथॉन झाली आणि तिच्यात पहिल्यापासून देणग्यांची सोय होती. २०१८ पासून तिच्या नावात ‘टाटा’ आले, तेव्हा अँटवर्पच्या आठवणीने मला मनातून बरे वाटले. इथे गोळा केलेल्या रकमेप्रमाणे धावपटूंना पायऱ्या आणि किताब दिले जातात. अनुभवाने सांगतो, या पायऱ्या सरावाने चढता येत नाहीत. त्या ओळखीपाळखीने चढता येतात. आमच्या गटात एका बँकेतला वरिष्ठ अधिकारी आणि एक रखवालदार बरोबरीने पळतात. रखवालदार त्याच्यापेक्षा पाऊण तास आधी पोचतो. अधिकाऱ्याने एका संध्याकाळी पाठवलेल्या संदेशांना जितके पैसे येतात, तितके त्याच्या पूर्ण वस्तीतून वर्षभरात जमणार नाहीत. संस्थांचेही तसेच. इंग्रजीत अहवाल लिहिणाऱ्या, छायाचित्रे नीट काढणाऱ्या संस्थांना धावपटू मिळतात. मेळघाटातल्या किंवा नंदुरबारच्या लहान संस्थेला तिथवर पोचणेच अवघड. माणशी एक डॉलर, माणशी एक पैसा हे जुने माप यात हरवले आहे, आणि मला ते हरवायला नको होते.

या साऱ्या व्यवस्थेच्या पूर्ण बाहेर घडलेली एक धाव नोंदवली पाहिजे. बारामतीच्या लता भगवान करे यांच्या पतीच्या आजाराच्या तपासणीसाठी पैसे हवे होते. मोलमजुरी करणाऱ्या घरात ते नव्हते. वय साठीच्या पुढे. गावात ज्येष्ठांसाठी शर्यत आहे आणि तिला पाच हजारांचे बक्षीस आहे, असे त्यांना कळले. लुगडे नेसून, अनवाणी त्या धावल्या आणि पहिल्या आल्या. पुढची दोन वर्षेही त्याच जिंकल्या. त्यांच्या नावाने निघालेल्या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतःच स्वतःची भूमिका केली आणि सदुसष्टाव्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत तिचा विशेष उल्लेख झाला. त्यांच्याकडे मैलांचा तक्ता नव्हता, प्रशिक्षक नव्हता. दोराबजींनी पुण्यात पाहिलेल्या गड्यांसारखेच बूटही नव्हते. आणि किरियाकिडिसप्रमाणे त्यांनाही दुसरे येऊन भागणार नव्हते. शर्यत होती तीन किलोमीटरची.